फोटोत गोरं करणारा फ्लॅश

फौजेत तुमच्या हातात कॅमेरा आहे हे एकदा लोकांना कळलं की दोन वाक्यं सतत कानावर येतात. पहिलं, "साहब, एक हमारा भी." दुसरं, "थोडा फ्लॅश ज्यादा मारना, गोरा आयेगा." पहिल्याला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. दुसऱ्याशी मात्र माझं भांडण आहे आणि ते प्रत्येक पोस्टिंगला नव्यानं होतं. राजस्थानात झालं, लडाखमध्ये झालं, अरुणाचलमध्ये तर एका बडाखान्याला जेवण बाजूला ठेवून झालं. आज ते सगळं एकदा लिहून काढतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं तर लिंक पाठवता येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश किती जोरात मारायचा हे कॅमेऱ्यावर सोडू नये. ते फोटो काढणाऱ्यानं ठरवायचं असतं. त्यासाठी प्रत्येक बऱ्या कॅमेऱ्यात सोय दिलेली असते, आणि आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद कॅमेऱ्यांत तिला खोक्यातून बाहेर आल्यापासून कुणाचं बोट लागलेलं नसतं. (हा नव्वदचा आकडा माझा, सर्वेक्षणाचा नाही.)

आधी ज्यांना फौज माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मी सिग्नल्सचा. जबलपूरला ट्रेनिंग झालं, नंतर जिथं तारा आणि रेडिओ जातात तिथं आम्ही गेलो. काही रेजिमेंटमध्ये कंपनीच्या कंपनी एकाच मुलखातली असते. आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पोरांकडे गेलं की बेळगावचं सेंटर, गावाकडच्या गप्पा, सगळं एकदम घरचं वाटतं. सिग्नल्समध्ये तसं नसतं. आमच्या एका बॅरेकमध्ये मणिपूरचा, रामनाथपुरमचा, रोहतकचा, गुमल्याचा आणि माझ्यासारखा एखादा माणदेशातला अशा सगळ्यांच्या खाटा ओळीनं असतात. म्हणजे चेहऱ्याच्या रंगाच्या जेवढ्या छटा या देशात असतील, त्यातल्या बऱ्याचशा आमच्या रोल कॉलला उभ्या असतात. फ्लॅशची खरी परीक्षा इथंच होते.

माझ्याकडे निकॉनचा डी ९० आहे. २००८ सालचं मॉडेल, मी तो सेकंड हँड घेतला. आजच्या मानानं म्हातारा कॅमेरा, पण म्हाताऱ्या हवालदारासारखा, सांगितलेलं काम बिनबोभाट करतो. त्याच्या डोक्यावर जो छोटा फ्लॅश उघडतो त्याबद्दलच मी बोलतोय. कारण फौजेत काय, किंवा तुमच्या घरच्या बारशा-साखरपुड्यात काय, नव्याण्णव टक्के वेळा तोच वापरला जातो.

तो फ्लॅश स्वतःचा जोर कसा ठरवतो ते समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीकसा फ्लॅश जातो. इतक्या थोड्या अंतरानं की आपल्याला दोन्ही मिळून एकच वाटतात. त्याचा उजेड समोरच्या वस्तूंवर आपटून परत येतो, कॅमेरा तो मोजतो आणि त्यावरून खऱ्या फ्लॅशचा जोर ठरवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी एक रेंजिंग राउंड, मग खरा फायर. (ग्रुप फोटोत कुणाचे तरी डोळे हमखास मिटलेले असतात, त्यात या पहिल्या राउंडचाही हात असतो.)

आता मोजताना कॅमेरा काय धरून चालतो? समोर जे आहे ते सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं असणार, ना फार काळं ना फार पांढरं. आजकालचे कॅमेरे यात थोडी अक्कल वापरतात, अंतर बघतात, चौकटीचे भाग वेगवेगळे मोजतात. तरी मूळ स्वभाव तोच. आणि फौजेत समोर काय असतं? रात्रीचा बडाखाना. मोकळ्या मैदानात शामियाना, मागं काळोख, अंगावर गडद जर्सी किंवा हिरवी वर्दी. परत येणारा उजेड अगदी थोडा. कॅमेऱ्याला वाटतं, अरे बापरे, सगळंच काळं आहे, मारा जोरात. आणि तो मारतो. काळोख काही उजळत नाही, कारण तिथं उजेड अडवायलाच काही नाही. सगळा मार चेहऱ्यावर बसतो. कपाळ, नाक आणि गालाची हाडं पांढरी फटक, डोळे लाल, मागं भोकासारखा अंधार. हातात थाळी घेतलेला हसरा माणूस पोलिसांनी रात्री पकडून आणल्यासारखा दिसतो.

यावरचा इलाज एका बोटाचा आहे. माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅशच्या बाजूला विजेच्या चिन्हाचं बटण आहे. ते दाबून धरायचं आणि पुढचं चाक फिरवायचं. पडद्यावर आकडा दिसतो. उणे तीनपासून अधिक एकपर्यंत तो जातो. दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत हीच गोष्ट मेन्यूत असते, 'फ्लॅश कॉम्पेन्सेशन' या नावानं, आणि हद्द थोडी वेगळी असते. एक गोष्ट लक्षात ठेवायची. बहुतेक कॅमेऱ्यांत हिरव्या ऑटोवर ही सोय चालत नाही. आधी मोठी डायल 'पी' वर आणायची. पुष्कळ जण इथंच अडतात आणि "हमारे कॅमेरे में नहीं है" म्हणून मोकळे होतात.

उणे एक म्हणजे फ्लॅशचा उजेड निम्मा. उणे दोन म्हणजे पाव. गंमत म्हणजे जोर कमी केला की दिवा मंद जळत नाही, तो तेवढ्याच तेजानं पेटतो आणि लवकर विझतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाचं काम त्याहून कितीतरी कमी वेळात आटोपतं. त्यामुळे बॅटरी वाचते आणि पुढच्या फोटोसाठी फ्लॅश लवकर तयार होतो. लेहच्या थंडीत याची किंमत कळते. तिथं बॅटरी बाहेर ठेवली तर तासाभरात मान टाकते. आम्ही ती आतल्या खिशात, छातीशी ठेवायचो आणि फोटो काढायच्या वेळीच कॅमेऱ्यात घालायचो.

रात्रीच्या बडाखान्याला माझा नेम ठरलेला आहे. फ्लॅश उणे एक किंवा त्याच्याही थोडा खाली, आयएसओ ८००, गरज पडली तर १६००. आयएसओ वाढवला की शामियान्यातले दिवे, मागची तंदूर, बर्फातल्या बंकरमध्ये बुखारीची लाली, हे सगळं फोटोत येतं. फ्लॅश फक्त चेहऱ्यावरची सावली उचलतो. माणूस कुठं होता, कसल्या उजेडात जेवत होता, हे फोटो बघणाऱ्याला कळतं. पूर्ण जोराच्या फ्लॅशमध्ये तवांगचा बंकर आणि पुण्यातलं मंगल कार्यालय यांत काही फरक राहत नाही.

आता त्या 'गोरा आयेगा'कडे येतो.

हे वाक्य बोलणाऱ्याची चेष्टा करणं सोपं आहे, आणि बॅरेकमध्ये ती होतेही. मला ती आवडत नाही. जे पोरगं असं म्हणतं त्याला लहानपणापासून कुणीतरी काहीतरी ऐकवलेलं असतं. आमच्याकडे गुमला जिल्ह्यातला एक लान्स नायक होता. सिग्नलमध्ये हुशार, धावण्यात पहिला. लग्नाची बोलणी सुरू होती आणि मुलीकडच्यांनी फोटो मागितला होता. तो मला म्हणाला, "साहब, पूरा फ्लॅश मारना. उधर सब फोटो ही देखते हैं." मी त्याचे दोन फोटो काढले. एक त्यानं मागितला तसा. दुसरा मेसच्या व्हरांड्यात, संध्याकाळच्या उजेडात, फ्लॅश उणे पावणेदोनच्या आसपास. पहिल्यात तो गोरा आलाच नव्हता. चकाकत होता. काळ्या कातडीवर समोरून जोराचा उजेड मारला की ती उजळत नाही, चमकते. घाम असेल तर विचारू नका, कपाळावर आरशाचे तुकडे चिकटवल्यासारखं दिसतं. चेहऱ्याचा उंचसखलपणा जातो. त्याच्या गालावर एक छान खळी पडते, ती पहिल्या फोटोत नव्हतीच. दुसऱ्यात ती होती, डोळ्यांत व्हरांड्याबाहेरचं आभाळ होतं, आणि रंग त्याचा स्वतःचा होता.

त्यानं दोन्ही फोटो बराच वेळ बघितले. मग पहिला मुलीकडे पाठवला आणि दुसरा आईला.

मी काही बोललो नाही. त्याच्या लग्नाचा निर्णय त्याचा. पण फोटो काढणारा म्हणून माझं मत पक्कं झालं ते तिथंच. फ्लॅशनं माणूस गोरा होत नाही, ओळखू येईनासा होतो. आणि सावळा माणूस सर्वांत आधी. हा काही आजचा प्रश्न नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रिंटचे रंग बरोबर आले की नाही हे तपासायला लॅबमध्ये एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड वापरायचे. कोडॅकच्या त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा नीट आला म्हणजे मशिन नीट लागलं. बाकीच्या जगाचे चेहरे त्यात कसे यायचे याची चिंता कितीतरी वर्षं कुणी केली नाही. डिजिटल आलं, ते कार्ड गेलं. पण कॅमेऱ्याची सरासरी आजही एका ठरलेल्या मध्यावर बसवलेली असते, आणि गुमल्याचा, रामनाथपुरमचा किंवा माझ्या गावचा चेहरा त्या मध्यावर असेलच असं नाही. तो फरक भरून काढायला चाक दिलंय. फिरवायला आपला हात लागतो.

ग्रुप फोटोत हाच घोळ आणखी गमतीदार होतो. संध्याकाळी हॉलमध्ये ग्रुप काढायचा असतो. पुढच्या रांगेत खुर्च्या, त्यावर सीओ साहेब आणि अधिकारी. मागं जेसीओ उभे. त्यामागं बाकांवर जवान. फोटोवाला उत्साहानं जवळ येतो, कारण जवळून मोठं दिसतं. आता उजेडाचा हिशेब बघा. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. पहिली रांग ३ मीटरवर आणि शेवटची साडेचार मीटरवर असेल, तर शेवटच्या रांगेला पुढच्यापेक्षा निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो. म्हणजे साहेबलोक पांढरे शुभ्र, जेसीओ ठीकठाक आणि बाकावरचा जवान काळोखात. त्यात तो मुळात सावळा असला तर दातांवरूनच ओळखायचा. उजेडानंसुद्धा रँक बघून वाटप केलेलं असतं! अशा फोटोच्या प्रती युनिटभर वाटल्या जातात आणि शेवटच्या रांगेतला पोरगा घरी फोन करून सांगतो, "ऊपर से बाएँ तीसरा मैं हूँ."

इथं बरेच जण उलटी चाल करतात. मागची रांग काळी आली म्हणून फ्लॅश अधिक एक करतात. काही होत नाही, कारण त्या अंतरावर छोट्या फ्लॅशनं आधीच सगळा दम लावलेला असतो. माझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश आयएसओ २०० आणि एफ ५.६ वर जेमतेम ३ मीटर पोचतो. आकडा वाढवून रिकाम्या मॅगझिनमधून गोळी निघत नाही. आयएसओ ८०० केला की तोच फ्लॅश ६ मीटर पोचतो. मग तीन मीटर मागं जायचं. पुढची रांग ६ मीटरवर, मागची साडेसातवर. आता दोघांतला फरक दीडपटीच्या आसपास येतो, आणि तेवढा डोळ्याला खुपत नाही. पाय मागं घ्यायला आणि आयएसओ वाढवायला पैसे पडत नाहीत.

मी याबद्दल एवढा का तळमळतो, असं कुणीही विचारेल. फोटोच तर आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका युनिटशी अटॅच होतो. कुठलं ते सांगत नाही, ठिकाणही सांगत नाही. तिथला एक जवान सुट्टीवरून परत येताना घाटात गाडी कोसळून गेला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा. पुढचं सगळं फौजेत रीतसर होतं. गाडी, तिरंगा, सोबत जाणारे लोक. पण श्रद्धांजलीच्या वेळी टेबलावर ठेवायला मोठा फोटो लागतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्या युनिटचे तीन वर्षांचे फोटो होते. बडाखाने, रेझिंग डे, होळी, व्हॉलीबॉलच्या ट्रॉफ्या. क्लार्क आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत बसलो. तो पोरगा सदतीस फोटोंत सापडला. मोजले म्हणून सांगतो. बहुतेकांत मागच्या रांगेत, अंधारात. चार-पाच फोटोंत पुढं होता, हातात ग्लास किंवा ट्रॉफी घेऊन, पण चेहरा फ्लॅशनं धुऊन निघालेला. कपाळ आणि गाल नुसते पांढरे डाग.

क्लार्कला कॉम्प्युटरचं चांगलं येत होतं. त्यानं अंधारातला एक चेहरा उजळून बघितला, तर थोडाफार वर आला, पण ठिपक्यांनी भरलेला आणि अंगठ्याएवढा. पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यांचं मात्र काहीच करता आलं नाही. एकदा पांढरं जळलं की त्या जागी काही शिल्लकच राहत नाही. फाइलमध्ये तिथं नाक नाही, खळी नाही, कातडी नाही. ज्याची नोंदच झाली नाही ते कुठल्या सॉफ्टवेअरनं आणायचं? शेवटी आय-कार्डाचा फोटो मोठा केला. भरतीच्या वेळचा, एकोणीस वर्षांचा, केस भादरलेले, घाबरलेले डोळे. त्याच्या घरी भिंतीवर आज तोच आहे. मिशी ठेवलेला, नाईक झालेला, व्हॉलीबॉलमध्ये ओरडणारा तो माणूस त्या घरात कुठल्याच फोटोत नाही.

यात कुणाची बदमाशी नव्हती. ज्यानं फोटो काढले तोही भलाच माणूस होता, सगळ्या कार्यक्रमांना स्वतः जेवायला न बसता धावायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं एवढंच. आपल्याकडे रायफल हातात द्यायच्या आधी ती खोलून जोडायला शिकवतात. कॅमेरा मात्र 'तू जरा शिकलेला दिसतोस' म्हणून गळ्यात घातला जातो.

आता फ्लॅश नेहमी कमीच करायचा असा अर्थ कुणी काढू नका. उन्हात नेमकं उलटं आहे, आणि हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड.

जैसलमेरकडे मे महिन्यात दुपारी बाराला जंगल हॅट घालून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढा. वाळू पांढरी, आभाळ पांढरं, आणि हॅटखाली नाकापर्यंत काळी सावली. डोळे नाहीतच. तिथं फ्लॅश उघडला की लोक हसतात. "साहब, सूरज कम पड़ गया क्या?" सूर्य कमी पडत नाही, तो डोक्यावर आहे म्हणून चेहऱ्यावर पडत नाही. तिथं फ्लॅश हवा, आणि कमी न करता पूर्ण हवा. पण त्यात एक अडचण आहे. फ्लॅशबरोबर माझा कॅमेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा जलद शटर चालवत नाही. तेवढ्या शटरला उन्हात एफ १६ लावावं लागतं, आणि एफ १६ वर हा फ्लॅश जेमतेम एक मीटर पोचतो. म्हणून उन्हात जवळ जायचं. दीड मीटरवरून काढलं तरी हॅटखालचे डोळे थोडे उघडतात, पाच मीटरवरून काढलं तर फ्लॅश मारला काय, न मारला काय. रात्री ग्रुपसाठी मागं, दुपारी एकट्यासाठी पुढं, एवढं पाठ केलं तरी पुष्कळ.

बर्फाचं आणखी वेगळं. पांढरा सूट घातलेला माणूस पांढऱ्या उतारावर उभा केला की कॅमेऱ्याला वाटतं केवढा हा उजेड, आणि तो सगळंच दाबून टाकतो. बर्फ मळकट राखेसारखा येतो, चेहरा कोळसा. फ्लॅशही घाबरून अर्धामुर्धा पेटतो. तिथं एक्सपोजर अधिक एक करायचं, आणि फ्लॅशही वर घ्यायचा. माझ्या कॅमेऱ्यात एक्सपोजर वाढवलं की फ्लॅशही त्याच्याबरोबर थोडा वर जातो, काही दुसऱ्या कंपन्यांत दोन्ही वेगळे चालतात. आपला कॅमेरा कुठल्या जातीचा हे एकदा दोन फोटो काढून बघावं. आणि बर्फ पडत असताना फ्लॅश बंदच. जवळचे बर्फाचे कण उजळून फोटोभर पांढऱ्या चकत्या येतात. धुळीच्या वादळात आणि पंजाबच्या धुक्यातही तेच.

बंद करण्यावरून आठवलं. पुढच्या पोस्टवर, रात्री, हुकमाशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही, फ्लॅशचा तर प्रश्नच नाही. तो दुरून दिसतो. वाचणाऱ्या फौजी भावांना हे सांगायची गरज नाही, पण नवे रिक्रूटही वाचतात, म्हणून.

"आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, कॅमेऱ्याचं कौतुक कशाला," असं मला परवा आमच्याच एका सुभेदार साहेबांनी ऐकवलं. मोबाइलचा छोटा दिवा म्हणजे फ्लॅश नव्हे, ती बॅटरी आहे. हाताच्या अंतरापलीकडे तिचा उपयोग नाही. वर पुष्कळ मोबाइल स्वतःच चेहरा गुळगुळीत आणि गोरा करून देतात, न विचारता. म्हणजे जे काम फ्लॅश अडाणीपणानं करत होता ते मोबाइल आता ठरवून करतो. त्यातही ती 'ब्यूटी' नावाची सेटिंग शून्यावर आणता येते. आणा. तुमच्या बायकोनं तुम्हाला बघूनच होकार दिलाय.

आणि ज्यांच्याकडे जोर कमी करायची काहीच सोय नाही, त्यांनी फ्लॅशवर पांढऱ्या टिश्यू पेपरची एक-दोन पदरी घडी धरावी. उजेड थोडा पसरतो, थोडा कमी होतो. बॅरेकचं छत पांढरं आणि बुटकं असेल, आणि युनिटमध्ये डोकं वळणारा मोठा फ्लॅश पडून असेल, तर तो वर छताकडे वळवावा. उजेड छतावरून सगळ्यांवर सारखा उतरतो, पुढच्यावर आणि मागच्यावर. पत्र्याच्या किंवा हिरव्या ताडपत्रीच्या छताखाली मात्र हे करू नये, सगळे चेहरे काविळ झाल्यासारखे हिरवे-पिवळे येतात. अरुणाचलमध्ये एका पाहुण्या साहेबांचा असा फोटो निघाला होता. तो कुठं लावला गेला नाही.

सध्या जिथं आहे तिथं पुढच्या महिन्यात रेझिंग डे आहे. फोटोची जबाबदारी एका नव्या क्लार्कवर आलीय, कोल्हापूरकडचाच पोरगा. त्याला मागच्या रविवारी लंगरमागं बसवून अर्ध्या तासात हे सगळं दाखवलं. एका सावळ्या आणि एका गोऱ्या पोराला शेजारी बसवलं, फ्लॅश शून्य, उणे एक, उणे दोन असे तीन-तीन फोटो काढायला लावले आणि पडद्यावर मोठे करून दोघांचे गाल बघायला सांगितले. तिसऱ्या फोटोला तो स्वतःच म्हणाला, "साहेब, उणे एकलाच दोघंबी दिसत्यात." मग त्यानं कॅमेऱ्याच्या मागं चिकटपट्टी लावून त्यावर पेननं लिहून ठेवलं: पी, ८००, उणे एक, तीन मीटर मागं. आता एकच अडचण उरलीय. हॉल लहान आहे. तीन मीटर मागं जायचं तर पुढच्या खुर्च्यांची रांग भिंतीकडे सरकवावी लागेल, आणि ती कुठं मांडायची हे सुभेदार मेजर साहेब ठरवतात. उद्या चहाच्या वेळी त्यांना गाठायचं ठरलंय.